रांगेत उभं राहून फुटबॉल येत नाही

उन्हाळी सुट्टी जवळ आली की कोल्हापुरात पेठेपेठेत शिबिरांचे फलक लागतात. ‘सांघिक खेळामुळे मुलांमध्ये शिस्त, नेतृत्व आणि खिलाडूवृत्ती वाढते’ हे वाक्य त्यातल्या बहुतेकांवर असतं. वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. मुलाला संघात टाकलं की हे गुण त्याला आपोआप चिकटतील असं त्यातून वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

साधा हिशेब मांडू. मैदानावर २४ मुलं, एक सर, समोर प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, मांडलेले आणि एकच रांग. एकेकाने चेंडू घेऊन कोनांमधून जायचं, परत यायचं, रांगेच्या शेपटीला उभं राहायचं. एका पाळीला १० सेकंद धरले तर पुन्हा नंबर लागायला ४ मिनिटं लागतात. असा सराव ४० मिनिटं चालला तर प्रत्येकाच्या वाट्याला १० पाळ्या, म्हणजे एकूण १०० सेकंद. घरून येण्याजाण्यात गेलेला तास सोडाच, पण मैदानावरच्या ४० मिनिटांतली ३८ मिनिटं पोरगं पुढच्याच्या कॉलरशी खेळत उभं होतं. दमलं नाही, शिकलं नाही, कुणाशी जुळवून घ्यायची वेळही आली नाही. याला सांघिक खेळ म्हणायचं ते केवळ सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे आहेत म्हणून.

शिवाय कोन अंगावर येत नाही. कुठे वळायचं ते सरांनी आधीच ठरवून मांडलेलं असतं. संघातल्या खेळाचा खरा फायदा याच्या बरोबर उलट आहे: समोरचा धावून येतोय, डावीकडचा मित्र मोकळा आहे पण तो मगाशी चेंडू घालवून बसलाय, उजवीकडची मुलगी हात वर करून ओरडतेय, आणि ठरवायला एक सेकंदसुद्धा नाही. चेंडू द्यायचा की स्वतः काढायचा? दिला आणि गेला तर परत मागे पळायचं कुणी? मूल असे निर्णय तासात किती वेळा घेतं, यावर सगळं अवलंबून आहे. शिस्त, नेतृत्व वगैरे त्याच निर्णयांच्या साठ्यातून येतं. रांगेत तो साठा जमत नाही.

कोल्हापूरला हे सांगणं जरा अवघडच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब या दोन संघांचा सामना असला की पेठेतलं पाच वर्षांचं पोरगंसुद्धा आपण कुठल्या तालमीचे ते ठासून सांगतं. इथे निष्ठा आधी येते, चेंडू नंतर. त्यामुळे पालकांच्या डोळ्यांसमोर पहिल्या दिवसापासून मोठ्यांचा खेळ असतो: अकरा विरुद्ध अकरा, पूर्ण मैदान, मोठे गोल. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचाच, आणि आपल्याही मुलाने तसं व्हावं असं वाटण्यात गैर काही नाही. पण म्हणून आठ वर्षांच्या मुलाला १०० मीटर लांब मैदानावर सोडणं हा उलटा मार्ग आहे. मोठ्यांचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. सव्वा मीटरचा गोलकीपर त्याखाली उभा केला की डोक्यावरून टाकलेला प्रत्येक चेंडू गोल होतो, आणि संघ एकच गोष्ट शिकतो: ज्याचा पाय जोरकस त्याने लांबून मारायचं, बाकीच्यांनी बघायचं.

आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी चार विरुद्ध चार, गोलकीपर नाही, हे सगळ्यात उत्तम. २४ मुलं असतील तर तीन छोटी मैदानं आखायची, प्रत्येक साधारण २५ बाय १५ मीटर. शेजारी शेजारी आखून मध्ये दोन-तीन मीटरची मोकळी पट्टी सोडली की ५५ बाय ३० मीटरच्या तुकड्यात सगळं बसतं. बऱ्याच शाळांच्या मैदानावर तेवढी जागा निघते. सामान फार लागत नाही. एका मैदानाला चार कोपरे, दोन गोलांचे चार खांब आणि मध्यरेषेची दोन टोकं मिळून १० कोन, म्हणजे तिन्हींना ३०. एकाच रंगाची १२ बिब, म्हणजे संघ ओळखायला टी-शर्टवर घालायची बिनबाह्यांची बनियनं. चेंडू किमान १२, म्हणजे दोघांत एक. गोल दीड ते दोन मीटर रुंदीचा, त्याहून मोठा नको, नाहीतर पुन्हा लांबून मारामारी सुरू.

सव्वा तासाची आखणी अशी करता येते. पहिली १२ मिनिटं अंग गरम करायला, पण मैदानाला फेऱ्या मारून नव्हे. पकडापकडी, एका पायावर उभं राहून जोडीदाराकडे चेंडू टाकणं, उडी मारून गुडघे वाकवत हळू उतरणं, बाजूला सरकत धावणं. पुढची १५ मिनिटं दोघांत एक चेंडू घेऊन. मग १५ मिनिटं आठ बाय आठ मीटरच्या चौकोनात तिघांनी चेंडू फिरवायचा आणि चौथ्याने तो हिसकावायचा. हिसकावला की ज्याचा गेला तो आत. उरलेल्या वेळात पाच-पाच मिनिटांचे चार-चार जणांचे सामने, प्रत्येक सामन्यानंतर संघ बदलून. पाणी प्यायला सगळे एकदम थांबतात, त्यातच पाच-सहा मिनिटं जातात, ती आधीच धरून ठेवावीत.

संघ बदलणं अनेकांना आवडत नाही. मुलांना आपली जोडगोळी सोडायची नसते, पालकांना जिंकणारा संघ मोडायचा नसतो. पण कालचा विरोधक आज आपल्या बाजूला येणं, त्याच्याशी पाच मिनिटांत सूर जुळवणं, हा सरावाचा सगळ्यात मोलाचा भाग आहे. शाळेच्या वर्गात मूल ज्यांच्याशी वर्षभर बोलत नाही त्यांना इथे ‘मागं बघ, मागं!’ असं ओरडून सांगायची वेळ येते.

यात बिघडतं काय? पहिलं म्हणजे झुंड. सहा-सात वर्षांची मुलं चेंडूभोवती माश्यांसारखी घोंगावतात. ते नैसर्गिक आहे, त्याला औषध नाही. ‘तू बॅक, तू फॉरवर्ड’ करून खुंटीला बांधू नये, आठ-नऊच्या आसपास झुंड हळूहळू आपोआप विरळ होते. घाई असेल तर कोपऱ्यात दोन-दोन असे चार छोटे गोल ठेवावेत. एका गोलासमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा दिसतो, आणि मुलांना पसरायचं कारण मिळतं. सांगून पसरत नाहीत ती, कारण मिळाल्यावर पसरतात.

दुसरं, एकच पोरगं सगळं करतं. बाकीचे तीन त्याच्यामागे पळतात. इथे सर हटकून ‘पास दे रे, पास!’ म्हणून ओरडतात आणि पोरगं बरोबर ऐकत नाही, कारण एकट्याने गोल होतोय तर पास का द्यावा? त्याऐवजी नियम बदलावा: चौघांचाही पाय लागून झालेला गोल दोन धरायचा. किंवा त्या मुलाला आठवड्यातून एक दिवस मोठ्यांच्या गटात खेळवावं, तिथे चेंडू दिल्याशिवाय निभत नाही. त्याला शिक्षा म्हणून बसवू नये. अंगात रग असणं हा गुन्हा नव्हे.

तिसरी गोष्ट चेंडूची. दुकानात बहुतेक वेळा ५ नंबरचाच पुढे केला जातो आणि पालकही ‘मोठा झाला तरी चालेल’ म्हणून तोच घेतात. ५ नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा, परिघाने ६८ ते ७० सेंटिमीटर; तो साधारण तेराव्या वर्षापासून. आठ ते बारा वर्षांना ४ नंबर, वजन ३५० ते ३९० ग्रॅम. त्याहून लहानांना ३ नंबर. जड चेंडूवर लहान मूल पायाच्या आतल्या बाजूने मारत नाही, कारण दुखतं. अंगठ्याच्या टोकाने, म्हणजे टोच्याने मारायची सवय लागते आणि ती पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही. पावसात शिलाईचा जुना चेंडू पाणी पितो आणि आणखी जड होतो, तो लहान गटाला देऊच नये. बुटांचंही तसंच. पुढच्या वर्षाचं माप घेतलं की टाचेला फोड. अंगठ्यापुढे एक बोट जागा पुरे. मुरूमाच्या मैदानाला आखूड, गोल रबरी स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे) बूट, भाड्याच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, त्याहूनही बारीक बुटके स्टड. लांब स्टड टर्फमध्ये रुततात, पाय जागेवर राहतो आणि गुडघा फिरतो. नडगीवरचे शिन गार्ड सरावालासुद्धा हवेतच.

फुटबॉलच हवा असं काही नाही. खर्चाच्या आणि जागेच्या मानाने खो-खोएवढा दाट सांघिक खेळ दुसरा सापडत नाही. पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ चौकात बसलेले, एकाआड एक तोंड विरुद्ध दिशेला. पाठलागावरच्या नवव्याला मागे वळायची मुभा नाही, मधली रेषा ओलांडायची नाही, तेव्हा पळणारा दुसऱ्या बाजूला निसटला की खो देण्यावाचून गत्यंतर नाही. खो पाठीमागून, हाताने आणि आवाजाने. तो मिळायच्या आधी बसलेला उठला की फाऊल. म्हणजे चपळ पोराला स्वतःची चपळाई नेमक्या क्षणी दुसऱ्याच्या हवाली करायला लागते. यात हमखास होणारी चूक म्हणजे खो देण्यात उशीर. मूल एकट्याने गाठायच्या नादात दोन चौक पुढे जातं. त्यासाठी सराव सोपा आहे: काही वेळ फक्त तीन पावलांच्या आत खो द्यायचा नियम ठेवायचा. बसणाऱ्यांच्या पायांचीही तपासणी करावी. टाचा जमिनीला पूर्ण टेकवून बसलेलं मूल उठायला वेळ घेतं आणि पहिल्याच पावलाला तोल जातो.

कबड्डीत सात-सात खेळाडू, ३० सेकंदांची चढाई, आणि पकड करताना हातात हात घातलेली साखळी. साखळीतला एक जण घाबरून मागे सरला तर शेजारच्याचा खांदा ओढला जातो, म्हणून धाडस आणि जबाबदारी इथे अक्षरशः हातात हात घालून येतात. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई प्रो कबड्डीत गाजल्यावर गावोगावच्या पोरांना चढाईच हवी असते. पकडीला कुणी तयार नाही. पाळीपाळीने करायला लावणं हाच उपाय. कबड्डीत वयापेक्षा वजन बघावं. सरावाच्या जोड्यांत पाच-सहा किलोंहून जास्त फरक नको. घोटा धरून ओढणं लहान गटात बंदच ठेवावं. मातीचं मैदान आदल्या दिवशी उकरून, खडे वेचून, पाणी मारून ठेवलेलं असावं. कडक मुरूमावर कबड्डी म्हणजे फक्त खरचटण्याची स्पर्धा.

शरीराला काय मिळतं? जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारी. धावत थांबणं, उडी, एकदम वळणं या धक्क्यांनी वाढत्या वयातलं हाड भरतं. पोहणं हृदयाला आणि फुफ्फुसांना उत्तम, पण हाडाला तो धक्का पाण्यात मिळत नाही. मनाबद्दल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ९ ते १३ वर्षांच्या सुमारे ११ हजार मुलांवरचा एक अभ्यास आला. सांघिक खेळ खेळणाऱ्यांत चिंता, एकलकोंडेपणा यांच्या तक्रारी कमी दिसल्या. फक्त वैयक्तिक खेळ खेळणाऱ्यांत त्या काही न खेळणाऱ्यांपेक्षाही थोड्या जास्त होत्या. ही बातमी वाचून कुणी पोराचं कुस्तीच्या तालमीत जाणं बंद करू नये. हा नुसता संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. खाशाबा जाधव जिथे घडले त्या कोल्हापुरात, स्वप्नील कुसाळेच्या जिल्ह्यात वैयक्तिक खेळाला नावं ठेवायची कुणाची टाप आहे? पण लाल मातीतल्या किंवा नेमबाजीतल्या मुलाला आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी कबड्डी, खो-खो खेळू द्यावं. हरल्याचं ओझं सात जणांत वाटून घेता येतं हे त्यालाही कळू दे.

आता गळणाऱ्यांबद्दल, कारण फायद्याच्या यादीत ती मुलं कधीच नसतात. वयोगट १ जानेवारीला कापला जातो. जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरमधलं मूल एकाच गटात, पण अंतर जवळपास वर्षाचं. आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते आयुष्याचा आठवा हिस्सा आहे. थोराड म्हणून निवड, निवड म्हणून जास्त सराव, जास्त सराव म्हणून पुढची निवड, डिसेंबरवाला मागेच. निवडीच्या दिवशी मुलांना जन्मतारखेच्या क्रमाने बिब क्रमांक द्यावेत. मोठा क्रमांक म्हणजे लहान मूल, हे बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहिलं तरी निकाल बदलतात.

मुलींची गळती बाराव्या-तेराव्या वर्षी होते. त्याला ‘आवड राहिली नाही’ म्हणणं सोयीचं आहे. मैदानावर स्वच्छतागृह आहे का, कपडे बदलायला आडोसा आहे का, सराव साडेसातला संपून अंधारात परतावं लागतं का, शॉर्टखाली लेगिंग्ज घातलेल्या चालतात का, मोठी बाई कुणी हजर असते का, हे पाच प्रश्न आधी विचारावेत. एकटी मुलगी टिकत नाही, तिघी आल्या की टिकतात. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलं-मुली एकत्र खेळायला काहीच हरकत नसते.

राखीव खेळाडू हा तिसरा गळणारा. सामना लहान मुलांचा असेल तर प्रत्येकाने किमान अर्धा वेळ खेळायचं, हे सामन्याआधी पालकांना सांगून टाकावं, नंतर नव्हे. गोलवर पण पाळी लावावी. जाड पोरगं किंवा उशिरा आलेलं पोरगं कायमचं गोलात, ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नाही.

आणि रेषेबाहेरचे आपण. ‘मार की रं!’, ‘सोड त्याला, तूच जा!’ हे बाहेरून आलं की मुलाचा निर्णय संपला, तो आता आपल्या रिमोटवर चालतो. सर एक सांगतात, बाबा दुसरं, आणि पाय मध्येच थबकतो. रेषेपासून चार-पाच मीटर मागे बसावं, चांगल्या खेळाला दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवाव्यात, बाकी गप्प. स्टेडियमच्या गॅलरीतली भाषा लहानांच्या मैदानावर आणू नये, ती पोरांना चेंडूपेक्षा लवकर येते. घरी जाताना गाडीवर मागे बसलेल्या मुलाला चुका मोजून दाखवू नयेत. तो स्वतः बोलला तर ऐकावं. विचारायचंच असेल तर ‘आज कुणाबरोबर चांगलं जमलं?’ एवढंच.

दुखण्याखुपण्याचं थोडक्यात. टाचेच्या मागे दुखणं ८ ते १४ वर्षांत आणि गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणं १० ते १५ मध्ये बरंच दिसतं. हाड वाढत असतं, स्नायूची ओढ पडते. खेळ कमी करायचा, पोटऱ्या-मांड्या ताणायच्या. लंगडत असेल किंवा रात्री झोपेतून उठत असेल तर हाडांच्या डॉक्टरकडे जायचं, मालीशवाल्याकडे नाही. संघटित सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. डोक्याला मार लागला की त्या दिवशी परत आत घ्यायचं नाही, मूल कितीही म्हणालं तरी. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी असेल तर सरळ दवाखाना. हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणंही लहान वयात शिकवू नये. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते २०१५ मध्येच बंद केलं.

एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेआठच्या आत किंवा साडेपाचनंतरच सराव. दर २० मिनिटांनी अर्धा ते एक पेला पाणी, तहान लागली नाही तरी. लांब सराव असेल तर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. खेळाआधी दोन तास भाकरी-भाजी, अर्धा तास आधी एखादं केळं. सकाळच्या सामन्याआधी मिसळ नको, कोल्हापूरकर असलात तरी. नंतर गूळ-शेंगदाणे आणि दूध. दुधाचा मात्र एक मुद्दा: कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आपल्या अभिमानाचा विषय असला तरी कच्च्या दुधातून ब्रुसेलासारखे जंतू येतात. लहान मुलांना उकळलेलंच द्यावं.

शिबिर निवडायला माहितीपत्रक वाचू नये. नाव नोंदवायच्या आधी एक दिवस जाऊन बसावं, आपल्या मुलाच्या वयाचं एक साधारण मूल निवडावं, सगळ्यात चांगलं नको. दहा मिनिटं त्याच्या पायाला चेंडू किती वेळा लागतो ते मोजावं. चार विरुद्ध चारमध्ये तीस-चाळीसच्या घरात आकडा सहज जातो. दहाच्या आत राहिला तर दुसरं शिबिर बघावं. सर एका दमात मिनिटापेक्षा जास्त बोलतात का, चुकीला फेऱ्या मारायची शिक्षा आहे का, प्रथमोपचाराची पेटी उघडून दाखवता येते का, तेही बघून घ्यावं. आणि जूनमध्ये शिबिर चालू राहणार असेल तर एवढं विचारायचं: ढग गडगडले की काय करता? मैदान लगेच सोडून पक्क्या छताखाली, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत नाही, असं उत्तर आलं तर पैसे भरायला हरकत नाही.